सासूच्या कानाशी स्पीकर

खिमवहिनीचं पूर्ण नाव पिक-खिम. पण तिचा नवरा आ-हाई आमच्या गल्लीत सगळ्यांना थोरल्या भावासारखा, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. आमच्या किनाऱ्यावरच्या चीगू गावात माणूस एकतर माशांची तळी राखतो, नाहीतर कालवं सोलतो. त्यांची तळी, आमची कालवं. घरं समोरासमोर, आणि मधली गल्ली एवढी अरुंद की तिने तिळाच्या तेलात आलं टाकलं की शिंक मला येते.

वहिनी मूळची मिठागरातली. लग्नाआधी ती काऊशुंग शहरातल्या एका कारखान्यात होती. परदेशी जाणारे टीव्ही तिथं बनायचे. सरकत्या पट्ट्यावरून एकेक टीव्ही पाठमोरा समोर यायचा. वायरी खुपसायला त्याच्या पाठीवर तोंडं असतात, त्यांतल्या एका लाल तोंडाला वहिनीने कथलाचा डाग द्यायचा, की तो पुढे गेला आणि दुसरा हजर. चार वर्षं तिने टीव्हीच्या पाठीच पाहिल्या. चित्र लागलेला टीव्ही तिथं एकदाही तिच्या नजरेस पडला नाही. मग लग्न झालं आणि ती इथं तळ्यावर आली.

इथं सासू होती. सासूचं नाव बोंग-यो. जुन्या काळी मुलीवर मुली झाल्या की असं नाव ठेवायचे, त्याचा अर्थ ‘वाढवा आता कशीतरी’. नकोशीच म्हणा. तर ही नकोशी वाढली, आणि तिचं तोंड असं वाढलं की मासळीच्या लिलावात दलाल तिला वचकून असत. आम्ही सगळे तिला आ-मा म्हणतो, म्हणजे आजी. त्या जिभेचा मोठा हिस्सा सुनेच्या वाट्याला आला. पेज पातळ झाली की, “तळ्यातलं पाणी जास्त झालं म्हणून घरात आणलंस का?” चादर पिळायला घेतली की, “अशी धरतात? जिवंत मासा धरल्यासारखी धरलीय. सुटेल हातातून, पळेल समुद्रात.” वहिनी उलटून बोलायची नाही. आमच्या दारात यायची, माझ्या टोपलीतली सुरी उचलायची आणि दोन टोपल्या कालवं सोलून जायची. तिचा राग उतरायचा, माझं काम व्हायचं.

मग म्हातारीचे कान गेले. एकदम नाही, भरती ओसरावी तसे. नातवाने चांगलं कानाचं यंत्र आणून दिलं. “हे शिट्ट्या मारतं, मी काय आता तरुण आहे?” असं म्हणून तिने ते काढलं, ते बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडलं. मोठ्याने बोलावं तर म्हणायची, “भांडतेस कशाला?” शेवटी घरातली माणसं खुणांवर आली. जेवणासाठी तोंडाकडे बोट, आंघोळीसाठी डोक्यावर हात. ज्याला ऐकू येत नाही त्याचं बोलणंही आटतं. आ-मा सकाळपासून बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसून असायची. समोर टीव्ही चालू, पण तिच्या लेखी मुका. गल्लीतून कुणी गेलं की मान हलवायची. बास.

एकदा कालवं सोलता सोलता वहिनी मला म्हणाली, “खरं सांगू? पहिलं वर्षभर मला फार बरं वाटलं. घर कसं शांत. पण आता नाही बरं वाटत. ती बोलायची तेव्हा मी घरात आहे हे तरी कळायचं.”

अशात ग्वान-लिनकडून खोकी आली. ग्वान-लिन हा वहिनीचा एकुलता मुलगा, शिनचू शहरात नोकरीला. त्याला कंपनीने जपानला पाठवलं, तेव्हा भाड्याचं घर सोडताना त्याने आपलं सगळं होम थिएटर आई-बापाकडे धाडून दिलं. मोठा टीव्ही, अँप्लिफायर, डीव्हीडी लावायचं यंत्र, पाच स्पीकर, आणि जमिनीवर ठेवायचा एक जाडजूड ठोकळा, जो नुसता धमधमतो. वायरी मात्र सगळ्या सोडवून एका तांदळाच्या गोणीत कोंबलेल्या. गोणी उलटी केली तर वामांचा ढीग ओतल्यासारख्या बाहेर आल्या.

आ-हाईने दुकानदाराला फोन केला. दुकानदार म्हणाला, सध्या माणूस मोकळा नाही, नव्या वर्षानंतर बघू.

“मग नव्या वर्षानंतर,” आ-हाई म्हणाला. तो असाच आहे. छप्पर गळायला लागलं तर तो शिडी आणत नाही, आभाळाकडे बघतो.

वहिनी म्हणाली, “मी बघते.”

“तू? बघ, बघ. फक्त घर पेटवू नकोस. माझी आई पटकन उठू शकत नाही.”

वहिनीने मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “सोपं आहे आई. लाल टोक लाल तोंडात, पांढरं पांढऱ्यात. स्पीकरच्या वायरीत लाल तार लालला, काळी काळीला. चित्राची चपटी वायर वेगळी आहे, ती एकाच ठिकाणी बसते.”

तिने तसं केलं. चित्र आलं, झकास आलं. आवाज नाही; टीव्हीचा स्वतःचा आवाज मुलाने बंदच करून ठेवलेला. टीव्हीतला बातम्या देणारा माणूस नुसती तोंडाची उघडझाप करत होता.

आ-हाई खुर्चीत बसून म्हणाला, “वा! आईला जसा दिसतो तसाच आता मलाही दिसतोय.”

वहिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा टीव्हीच्या मागे वाकली. अँप्लिफायरच्या पाठीवर लाल-पांढऱ्या तोंडांच्या तीन-चार जोड्या. लालमध्ये लाल आहे, पांढऱ्यात पांढरं आहे, मग अडलं कुठं? तिने अँप्लिफायरच्या आणि टीव्हीच्या प्रत्येक जोडीवरची बारीक इंग्रजी अक्षरं एकेक करून फोनवर मुलाला वाचून दाखवली. तो म्हणाला, “आई, ही आत घेणारी जोडी आहे. आणि टीव्हीलाही तू आत घेणाऱ्या जोडीतच वायर लावलीस. टीव्हीच्या बाहेर सोडणाऱ्या जोडीत लाव.”

“म्हणजे तळ्यासारखं,” वहिनी म्हणाली.

“काय तळ्यासारखं?”

“दोन तळी, आणि दोन्हीकडे पाणी आत घेणारी दारंच एकमेकांना जोडली. मग पाणी येणार कुठून? हे आधी सांगायचंस ना! एवढं शिकून तू लाल-पांढरं काय सांगत बसलास.”

तिने वायर हलवली आणि बातम्या देणारा इतका मोठ्याने बोलला की माझ्या हातातलं कालव टोपलीत पडलं. आमचा कुत्रा भुंकायला लागला. आ-हाई तळ्यावर होता. त्याला सांगायला वहिनी स्कूटरवरून गेली, हेल्मेटसुद्धा न घालता.

मग गंमत झाली. दुपारी कठपुतळ्यांचं नाटक लागतं, ते आ-मा सवयीने बघायची. त्या दिवशी लढाई सुरू झाली, ढोल वाजले, आणि जमिनीवरचा ठोकळा धमधमला. आ-माने खाली बघितलं. पाय उचलले, पुन्हा टेकवले. तिच्या तळव्यांना ढोल लागत होता. ती काठी टेकत उठली, स्टूल ओढत टीव्हीपर्यंत गेली आणि टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरला चक्क कान लावून बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, खरखरीत, न वापरलेल्या कुलुपासारखा.

“हा मेला अजून जिवंत आहे? मी ऐकत होते तेव्हा याला कड्यावरून ढकलला होता!”

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. म्हातारीला एवढं मोठं वाक्य बोलून किती महिने झाले होते ते देवाला माहीत.

त्याच दुपारी वहिनीने तो मधला स्पीकर उचलला, त्याच्या वायरीला दुसरी वायर जोडून लांब केली, आणि देव्हाऱ्याच्या कडेला, वेताच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, बरोबर आ-माच्या कानाशी ठेवला. अँप्लिफायरवर एक बटण आहे, ते दाबलं की सगळ्या स्पीकरांमधून सारखाच आवाज येतो. ते तिने दाबून ठेवलं. आ-मा आपल्या खुर्चीत बसून खलनायकाला शिव्या घालू लागली. गल्लीतून जाणारे लोक दारात थांबून ऐकायला लागले.

दोन दिवसांनी वहिनी माझ्याकडे आली. “आ-सेंगचा जुना कराओकेचा डबा कुठं आहे?”

आ-सेंग माझा नवरा. लग्नात गातो, कुणी बोलावलं तरी आणि न बोलावलं तरी. त्याने नवा डबा घेतल्यावर जुना आमच्या कालवांच्या पडवीत पडला होता. त्याला माईक लावायला दोन तोंडं आणि बटणांची रांग. मी म्हटलं, “घेऊन जा. पण तू गाणार?”

“गाणार नाही,” ती म्हणाली. “बोलणार.”

तिने माईक डब्याला लावला, डबा अँप्लिफायरला. माईक चालला. पण अँप्लिफायर एका वेळी एकाचंच ऐकतो. डब्याचं ऐकायला लावला की टीव्ही गप्प, आणि मग आ-मा काठी आपटते. टीव्हीचं ऐकायला लावला की माईक गप्प. वहिनी इकडे आली, एक टोपली कालवं सोलली. मग संध्याकाळी आ-हाईबरोबर पाणी सोडायला तळ्यावर गेली. तिथं त्यांची दोन तळी एकाच चारीतून समुद्राकडे रिकामी होतात.

तिथूनच तिने मला फोन केला. “अगं, टीव्हीसुद्धा आधी डब्यातच आणायचा! टीव्ही डब्यात, माईक डब्यात, आणि डब्यातून एकच वायर अँप्लिफायरला. चारीत दोघं एकत्र येतात, पुढे दार एकच.”

“मला काय सांगतेस?” मी म्हटलं. “माझी कालवं आहेत.”

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी मी मुद्दाम दारात बसले. आ-मा टीव्हीपुढे. वहिनी स्वयंपाकघरात उभी राहिली, माईक तोंडाशी धरला आणि म्हणाली, “आई, जेवायला चला.”

आता आ-सेंगला गाताना आवाज घुमलेला आवडतो. घुमवायचं बटण त्याने टोकापर्यंत फिरवून ठेवलेलं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. देव्हाऱ्याजवळून आवाज आला, “आई… ई… ई… जेवायला… ला… चला… ला… ला…”

आ-मा ताडकन उभी राहिली. देव्हाऱ्याकडे वळून तिने हात जोडले, तीनदा वाकली. मग थबकली. डोळे बारीक केले.

“मात्सू देवी मिठागरातल्यासारखं कशी बोलायला लागली?”

मी तोंडात रुमाल कोंबला. आ-मा हळूहळू वळली. स्वयंपाकघराच्या दारात सून दिसली, हातात माईक.

“एवढी ओरडतेस कशाला?” आ-मा म्हणाली. “मी काय बहिरी आहे?”

वहिनी दारातच खाली बसली. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. एप्रन डोळ्यांना लावून म्हणत होती, “नाही आई. नाही हो. तुम्ही कशाला बहिऱ्या असाल.” पण माईक खाली पडला होता, त्यामुळे ते आ-माला ऐकू गेलं नाही.

तेव्हापासून त्या घराची जीभ परत आली. माईक स्वयंपाकघराच्या खिळ्याला लटकलेला असायचा. “आई, औषध घेतलंत?” “घेतलं. कडू होतं. तुझ्या हातचं सगळंच कडू.” “आई, आ-हाई विचारतोय, चहा हवा का?” “त्याला म्हणावं, चहाचं विचारतो, पाय चेपायचं विचारत नाही.” दार उघडं आणि स्पीकर मोठा. गल्लीला सगळं ऐकू यायचं. आ-हाई माझ्या नवऱ्याजवळ रडगाणं गायला, “मला बद्धकोष्ठ झालंय हे देवळाच्या पुजाऱ्यालाही कळलंय. तुझा डबा परत ने.” माझ्या नवऱ्याने नेला नाही.

मला आठवते ती एक दुपार. हवा मोकळी होती, आ-हाई तळ्यावर गेला होता. टीव्ही बंद. वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, माईक टेबलावर उभा करून ठेवलेला. मी माझ्या दारात. आ-माचा आवाज आला.

“लग्नाआधी तू टीव्हीच्या कारखान्यात होतीस ना? म्हणून हे तुला येतं.”

“नाही आई,” स्पीकरमधून वहिनीचा आवाज. “तिथं मी फक्त एका तोंडाला डाग द्यायची. लाल तोंडाला. त्यात पुढे काय जातं, ते मला ठाऊक नव्हतं. त्यात वायर घालून पाहिली ती या घरात, पहिल्यांदा.”

“किती वर्षं होतीस?”

“चार.”

“चार वर्षांत कुणी सांगितलं नाही?”

“मी विचारलं नाही. वेळच नसायचा, पुढचा टीव्ही यायचा.”

मला वाटलं आ-माला झोप लागली. मग ती म्हणाली, “मीसुद्धा जन्मभर मासे टोपलीत भरून दलालाला दिले. शहरात कोण खातं, कसं खातं, काटे काढता येतात की नाही, कधी बघितलं नाही.” आणि मग, “तुलाही मी कधी विचारलं नाही, तिथं काय करायचीस ते.”

भाजीची देठं मोडल्याचा आवाज तेवढा येत होता, मोठ्याने, सगळ्या गल्लीभर.

“सकाळची पेज बरी झाली होती,” आ-मा म्हणाली.

वहिनीने बहुतेक घाईने माईक उचलला, कारण स्पीकरमधून अशी शिट्टी आली की आमचा कुत्रा पळाला. आणि आ-मा म्हणाली, “एक शब्द चांगला बोलले तर लगेच किंचाळते!”

नव्या वर्षाला ग्वान-लिन जपानहून आला. बूट काढता काढताच त्याला स्पीकर दिसला. “आई, हा इथं कुठे? हा मधला आहे, टीव्हीखाली पाहिजे. माणसांचं बोलणं यातून येतं. आणि हा डबा मध्ये कशाला? सगळा आवाज बिघडतो.” वहिनी म्हणाली, “तुझी वस्तू आहे, तुला हवी तशी लाव.” त्याने सकाळभर बसून सगळं नीट लावलं, दोन स्पीकर मागे, दोन पुढे, मधला मध्ये. मग एक लढाईचा चित्रपट लावला. हेलिकॉप्टर पाठीमागून आलं आणि डोक्यावरून गेलं. आ-हाईने खरोखर मान खाली घातली. मीसुद्धा घातली, खोटं कशाला बोलू. फार छान होतं.

चित्रपट संपल्यावर ग्वान-लिन वळला. “आ-मा, आवडलं?”

आ-माने त्याच्या तोंडाकडे बघितलं, तो जेवायचं विचारतोय असं तिला वाटलं, आणि तिने पोटावर हात फिरवून मान हलवली. मग गल्लीकडे बघत बसली.

तो तसाच उभा राहिला. आईकडे बघितलं. वहिनी ताटल्या गोळा करत राहिली. मग त्याने मधला स्पीकर उचलला, पुन्हा खुर्चीशी नेला, डबा होता तिथं आणला आणि स्वतः माईक हातात घेतला. “आ-मा, आवडलं का?”

“काय आवडलं? तू आल्यापासून एक शब्द बोलला नाहीस!”

त्या सुट्टीत त्याने टीव्हीखालच्या रिकाम्या जागी दुसरा छोटा स्पीकर आणून बसवला. आ-माची लांब वायर जमिनीवरून जात होती, ती भिंतीच्या कडेने पट्टीत घालून दिली, म्हणजे काठी अडकायची नाही. कठपुतळ्यांचं तोंड आधी हलायचं आणि आवाज जरा मागून यायचा, तेही कुठेतरी बटणं दाबून जुळवलं. ते वहिनीला जमलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसून बघत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, “हे काय केलंस? परत कर, मला बघू दे.” आणि आ-माने स्वतःसाठी दुसरा माईक मागून घेतला. तिला त्याची गरज नव्हती, तिचा आवाज तसाच बांधापर्यंत जातो. पण एकट्या सुनेच्याच हातात का म्हणून?

हळूहळू लोक वहिनीला बोलवायला लागले. कुणाच्या टीव्हीला आवाज नाही, कुणाचा स्पीकर गुणगुणतो. ती जाते, मागे वाकते, एका वायरीवर बोट ठेवून विचारते, “हे कुठून निघतं आणि कुठं जातं?” आणि घरचा माणूस डोकं खाजवतो.

मागच्या महिन्यात बांधापलीकडच्या वाडीतून एक सून आली. तिचा सासरा, म्हातारा उंग, पूर्वी मिठागरावर मुकादम होता. कान गेले, बोलणं गेलं, नुसता भिंतीकडे बघतो म्हणाली. वहिनी निघाली तशी आ-मा खुर्चीतून म्हणाली, “मी येणार.”

“आई, ऊन आहे. काय काम तुमचं?”

“काम कसं नाही? तुला ऐकू येतं, तुला काय कळणार? आवाज नीट लागला की नाही, ते बहिऱ्यालाच विचारावं लागतं.”

मग मासळीच्या तीनचाकी गाडीत मागे स्टूल बांधलं, त्यावर आ-मा, डोक्यावर बांबूची टोपी, मांडीवर वायरींची पिशवी. मीही मागे बसले, मला बघायचं होतं. वहिनीने उंगच्या घरात सगळं जोडलं. आ-मा त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन स्पीकरजवळ बसली. “अजून वाढव. नाही, जाड झाला. हां, आता बोल.” आणि दुसरा माईक हातात घेऊन म्हणाली, “उंग, ऐकू येतंय का रे?”

उंगने मान वळवली. तिला निरखून बघितलं. “बोंग-यो? तू अजून आहेस?”

“आहे तर! बांध फुटला त्या वर्षी माझी टोपली कुणी नेली, ते विचारायला आले.”

त्यांचं तिथंच जुंपलं, दोन माईकवर, बांध कोणत्या वर्षी फुटला इथून. आम्ही बायका अंगणात पेरू खात बसलो. त्या घरची सून सारखी आत डोकावून बघत होती आणि परत येऊन आम्हाला आणखी पेरू कापून देत होती.

परतताना आ-मा मागच्या स्टुलावरून सारखी बोलत होती. उंग खोटारडा आहे, त्याच्या सुनेने चहात पाणी घातलं होतं, वहिनी गाडी खड्ड्यांतूनच चालवते. रस्त्यावर माईक नव्हता, त्यामुळे उत्तर देऊन काही उपयोग नव्हता. वहिनी आरशात बघून नुसती मान हलवत होती, आणि दोन्ही बाजूंच्या तळ्यांवर ऊन पडलं होतं.